मदत हवी आहे: चुन्याचं काम शिकायचंय, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर

नमस्कार मंडळी,

मी आर्किटेक्ट, साताऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे. मी, एक ज्युनिअर आणि एक ड्राफ्ट्समन. पदवी २००० सालची. बंगले, रो-हाउस, दोन शाळा, असं काम. तक्रार काही नाही.

गेल्या महिन्यात वाईहून जुन्या क्लायंटचा फोन आला. "मॅडम, एकदा येऊन बघून जा." त्यांच्या वाड्याची दुरुस्ती मी २०११ मध्ये केली होती. पडवीतल्या भिंतीवर बोटाने टकटक केलं तर पोकळ आवाज. जरा दाबलं, तर ताटाएवढा गिलाव्याचा पोपडा हातात आला. मागे लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेले क्षार, कापसासारखा पांढरा, आणि ती जुनी बारीक वीट नखाने खरवडली की रव्यासारखी सांडत होती. तिथले म्हातारे गवंडी शांतपणे म्हणाले, "बाई, शिमिट लावलं तिथनंच सुरू झालं. तुमीच सांगितलं हुतं लावायला."

खरं आहे. मीच सांगितलं होतं. जोत्यातून ओल भिंतीत चढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. सिमेंटने वाट अडवली की पाणी आतच राहतं, क्षार गिलाव्याच्या पाठीशी साठतात आणि त्याला ढकलून काढतात. हे मी आता वाचलं. कॉलेजात चुना म्हणजे एक धडा आणि 'सुरखी (विटांची पूड) म्हणजे काय' हा दोन मार्कांचा प्रश्न.

मग हिशोब केला, की पदवीनंतर मी नवीन शिकले काय? डिसेंबर २०२० मध्ये युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आलं तेव्हा आठवडाभर रात्री जागून वाचलं, कारण त्याशिवाय फाइल हलणार नव्हती. महारेराचे दाखले कसे द्यायचे ते शिकले, त्याशिवाय बिल्डरचं काम अडत होतं. म्हणजे फाइलने जे मागितलं तेवढंच शिकले. भिंतीने काही मागितलं नव्हतं. आर्किटेक्टांच्या कौन्सिलची नोंदणी फी भरून आजवर नूतनीकरण होत आलंय, काय शिकलात असं मला कोणी विचारलं नाही. वर्गमैत्रीण लंडनला असते, तिला रीबाचे, म्हणजे तिथल्या आर्किटेक्ट संस्थेचे, वर्षाला ३५ तास शिकून भरावे लागतात. तिची कुरकुर ऐकून मी हसायचे.

तर प्रश्न असा. सलग आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ऑफिस सोडता येत नाही. डिग्री नकोय. हात चुन्यात घालून शिकायचंय, स्लाइड बघून नाही. खर्च चाळीस हजारांच्या आत बसावा. कुठे जाऊ? कोणी केलंय का असं काही?

ओळंबा: ताई, तुमच्या सगळ्यात जवळ पुण्यात कौन्सिलचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथले बरेच वर्ग शिक्षकांसाठी असतात, पण प्रॅक्टिस करणाऱ्यांसाठीही होतात, वेळापत्रक बघत राहा. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेच्या हेरिटेज अकादमीचे छोटे कोर्स असतात. ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटला आठवडा-दोन आठवड्यांत हात मळतात, मात्र तिथे मुख्य भर मातीवर, दाबून केलेले ब्लॉक, कमानी वगैरे. तुमची भिंत त्यात नाही. थिअरी एनपीटेलवर, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांत, फुकट बघता येते, रुडकी-खरगपूरच्या प्राध्यापकांची. परीक्षा दिली तरच फी.

पावसाळी_छप्पर: स्पष्ट बोलतो, राग नसावा. वाडे किती मिळणार वर्षाला? त्यापेक्षा ग्रीन बिल्डिंगची परीक्षा द्या, लेटरहेडवर दिसते तरी.

सातासमुद्रापार: अमेरिकेतून लिहितोय. इथे एआयएच्या, म्हणजे आर्किटेक्टांच्या संस्थेच्या, सभासदाला वर्षाला १८ तास शिकावं लागतं, त्यातले १२ आरोग्य-सुरक्षितता-कल्याणाचे. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात खिडक्यांच्या कंपनीचा माणूस दुपारी पिझ्झा घेऊन येतो, तासभर खिडक्यांवर बोलतो आणि आमचा एक तास जमा. तास मोजून आमच्याकडे कोणी चुना शिकलेला मी तरी पाहिला नाही. तुम्ही आधी चुकलात आणि मग शिकायला निघालात, हे बरंय.

जुनी_घाणी: कोर्स करा, पण त्याआधी चुन्याचं चालू काम शोधा आणि तिथे आठ दिवस परातीशेजारी उभ्या राहा. कळीचा चुना विझवताना पाणी कसं उकळतं, किती दिवस पाण्याखाली मुरवतात, मिश्रण थापीला किती चिकटलं म्हणजे झालं, हे डोळ्यांनीच कळतं. दुकानातली चुन्याची पिशवी आणून वाळूत कालवली म्हणजे चुनेगच्ची, म्हणजे चुन्याचं पक्कं काम, होत नाही. चुन्यात गूळ-हिरडा घालायच्या गोष्टीही सगळे सांगतील, पण चुनाच नीट मुरला नसेल तर गूळ काय करणार?

आता तुमच्या भिंतीचं. गडबडीने काही लावू नका. सिमेंट हलक्या हाताने काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून बाहेर टाका, धुऊ नका. धुतलात तर क्षार परत आत. एक उन्हाळा भिंत उघडी वाळू द्या. मग दोन बाय दोन फुटांचा नमुना लावून एक पावसाळा बघा. आणि एक विचारायचं राहिलं: पडवीबाहेर अंगणात काय आहे? माती की फरशी? फरशी घट्ट असेल तर जमिनीतली ओल वर निघायला भिंतच शोधते.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. ओळंबा, पुण्याचं वेळापत्रक बघते. छप्पर, राग नाही, पण लेटरहेडवर जागा नाही. :)

जुनी_घाणी, अंगणात शहाबादी आहे, खाली चार इंच कोबा, सांधे सिमेंटने भरलेले. तीही २०११ मध्ये मीच सुचवली होती, चिखल होतो म्हणून. आता ती उखडायची हे मालकांना कोणत्या तोंडाने सांगू? आणि निदान भिंतीलगतची पट्टीच काढली तर चालेल का? किती रुंद?