छापील किमतीवर डीलरने चढवलेली रक्कम: कोटेशन कसं वाचायचं?

दुसरी किल्ली: नवीन गाडीच्या कोटेशनमध्ये कंपनीच्या छापील किमतीखाली तीन ओळी आहेत: मार्केट अ‍ॅडजस्टमेंट, पेंट कोटिंग, डॉक्युमेंट फी. यातलं काय टाळता येतं? आणि सेल्समन सारखा विचारतो, 'महिन्याला किती हप्ता झेपेल?' सांगावं का?

टॉपगिअर: हप्त्याचा आकडा अजिबात सांगू नका. ८ टक्के व्याजाने हजारामागे ६० महिन्यांचा हप्ता २०.२८ येतो, ७२ महिन्यांचा १७.५३. म्हणजे नुसती मुदत वाढवून तेवढ्याच हप्त्यात साधारण १६ टक्के जास्त किंमत खपते.

मार्केट अ‍ॅडजस्टमेंटच्या मोबदल्यात वस्तू काहीच मिळत नाही. मागणी जास्त आणि स्टॉक कमी, एवढाच तिचा आधार. थांबायची किंवा दुसऱ्या डीलरकडे जायची तयारी असेल तर ती उतरते. कोटिंग आधीच लावलंय म्हणाले, तर अजून यायच्या असलेल्या गाड्यांपैकी कोटिंग नसलेली मागा. डॉक्युमेंट फी बहुतेक डीलर सगळ्यांकडून सारखीच घेतात, ती काढायला तयार होत नाहीत. तेवढी रक्कम गाडीच्या किमतीतून कमी करून घ्या. कर आणि नोंदणी खरी असते, फक्त सरकारी पावतीशी ताडून बघा.

तीन-चार डीलरांकडून एकाच व्हेरियंटची, सगळं धरून होणारी एकूण रक्कम लेखी मागवा. त्यावर चासी नंबर आणि कोटेशनची मुदत हवीच, नाहीतर ऐनवेळी 'ती गाडी गेली' म्हणून दुसरीच पुढे येते.

खतावणी: खरी गंमत कर्जात आहे. वित्तसंस्था डीलरला ७ टक्के दर देते, तुमच्यापुढे कागद ९ टक्क्यांचा येतो, आणि फरकातला वाटा डीलरला मिळतो. ६० महिन्यांत हजारामागे सुमारे ५७ जास्त जातात. आधी आपल्या बँकेकडून मंजुरीपत्र घ्या, मगच त्यांचा दर विचारा. 'आमचंच कर्ज घेतलं तर सूट' असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड तपासा, म्हणजे सूट घेऊन कर्ज लवकर फेडणं परवडतं का ते कळेल.

जुनी गाडी द्यायची असेल तर तो व्यवहार नव्या गाडीची किंमत लेखी ठरल्यावरच काढा. एक्स्चेंजमध्ये वाढवून दिलेले पैसे सवलतीतून परत घेतले जातात.

समास: छापील किंमत म्हणजे कमाल मर्यादा असं सगळीकडे नसतं. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याने नव्या गाडीच्या काचेवर किमतीचं स्टिकर सक्तीचं झालं, पण त्यावरची किंमत कंपनीने 'सुचवलेली' असते. म्हणून डीलर शेजारी स्वतःचं दुसरं स्टिकर लावतो. जाहिरातीतच पूर्ण किंमत सांगायला लावणारा फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२३ चा नियम तिथल्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये प्रक्रियेतल्या त्रुटीवरून रद्द केला. ग्राहकांचं त्यात मोठं नुकसान झालं.

'इन्व्हॉइस किमतीला (म्हणजे कंपनी डीलरला लावते त्या किमतीला) देतो' यालाही भुलू नका. विक्रीच्या संख्येवरचा बोनस कंपनी नंतर देते, तो इन्व्हॉइसवर दिसत नाही. आणि टोकन भरण्याआधी ते परत मिळण्याची अट पावतीवरच लिहून घ्या.