काळ्या मातीत ११ केव्ही ट्रान्सफॉर्मर बसवताना अर्थिंग आधी करावे की शेवटी?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
आमच्या जिनिंगमध्ये ६३० केव्हीएचा, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवण्याचे काम सुरू आहे. ठेकेदाराचे म्हणणे असे की, केबलची जोडणी आधी उरकावी आणि अर्थपिट (वीज जमिनीत उतरवण्यासाठी पाइप पुरलेले खड्डे) चार्जिंगच्या, म्हणजे वीज सोडण्याच्या, तोंडावर भरावेत. जुन्या पिटच्या रोधाची (जितका कमी, तितका चांगला) मोजणी ऑगस्टमध्ये १.१ ओहम आली होती, तेवढी पुरेशी आहे, असेही तो सांगतो. आमच्याकडे वरची दीड-दोन मीटर माती काळी असून खाली मुरूम लागतो. मला हे पटत नाही, परंतु कारण नेमके मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (जालना, रोलिंग मिल)
आपली शंका रास्त आहे. ऑगस्टमध्ये काळी माती ओल धरून असते, म्हणून आकडा चांगला येतो. तीच माती मे महिन्यात आकसते, तिला भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडभोवतीची (पिटमधल्या पाइपभोवतीची) तिची पकड सुटते. म्हणून पहिल्या पावसाआधीची मोजणीच खरी मानावी. पाइप किमान अडीच मीटरचा असल्याने त्याचे टोक मुरुमात जाते आणि मुरुमाचा रोध जास्त असतो. अशा वेळी एकाच पिटमध्ये मीठ ओतत राहण्यापेक्षा (मीठ जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप गंजवते) पिटची संख्या वाढवावी, दोन पिटांमध्ये पाइपच्या लांबीच्या दुप्पट अंतर ठेवावे आणि सर्व पिट जीआय पट्टीने जोडून ट्रान्सफॉर्मरभोवती कडे पूर्ण करावे.

केवळ ओहमच्या आकड्यावर समाधान मानू नये. दोषाच्या वेळी १,००० अँपिअर प्रवाह १.१ ओहममधून जमिनीत गेला, तर ट्रान्सफॉर्मरची बॉडी (बाहेरची लोखंडी टाकी) दूरच्या जमिनीच्या तुलनेत ११०० व्होल्टवर जाते. त्या क्षणी हात लावून उभ्या असलेल्या माणसाचे पाय आणि बॉडी यांच्यात व्होल्टेजचा फार फरक पडू नये, यासाठीच ते कडे असते. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे बॉडीला दोन स्वतंत्र जोडण्या द्याव्यात आणि न्यूट्रललाही (तिन्ही फेजच्या सामाईक टोकालाही) वेगळ्या दोन द्याव्यात. ट्रान्सफॉर्मर पायावर बसला, त्याच दिवशी बॉडीला पट्टी लागलेली असावी, कारण केबलची चाचणी आणि वेल्डिंग त्यानंतरच होते.

उत्तर (लातूर)
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र कायमचे अर्थिंग झाले, म्हणजे काम करणारा सुरक्षित झाला, असे समजू नये. परमिट (बंद लाइनवर काम करण्याचा लेखी परवाना) हाती असूनही बंद लाइनवर वीज येऊ शकते: कोणी जनरेटर चुकीने जोडला, तर ४३३ व्होल्ट बाजूने शिरलेला पुरवठा ट्रान्सफॉर्मरमधून उलटा जाऊन वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट उभे करतो. शेजारून जाणाऱ्या चालू लाइनमुळेही व्होल्टेज चढते आणि मेगर (इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावून झालेल्या केबलमध्ये चार्ज साठून राहतो. माझ्या एका सहकाऱ्याने अशी केबल डिस्चार्ज न करता हातात घेतली आणि तो फेकला गेला, सुदैवाने वाचला. म्हणून जी.ओ. स्विच (तिन्ही तारा एकदम तोडणारा स्विच) उघडून कुलूप लावावे, वीज नसल्याची खात्री डिटेक्टरने करून घ्यावी आणि मगच कामाच्या दोन्ही बाजूंना, नजरेसमोर, तात्पुरते अर्थिंग लावावे. क्लॅम्प आधी जमिनीच्या बाजूला, मग इन्सुलेटेड रॉडने तारेला लावावा. काढताना बरोबर उलट क्रम पाळावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पिट आणि कडे पूर्ण होईपर्यंत केबलला हात लावू देणार नाही, असे ठेकेदाराला आजच लेखी कळवतो. डिस्चार्ज रॉड (साठलेला चार्ज जमिनीत सोडणारा दांडा) आणि तात्पुरत्या अर्थिंगचे दोन संच जागेवर आल्याशिवाय पुढचा शटडाउन घेणार नाही.