शब्दचर्चा: 'किल्ट'ला घागरा म्हणावं का?

एका प्रवासवर्णनाचं मुद्रितशोधन करते आहे. एडिनबरामधल्या लग्नाचं वर्णन आहे आणि लेखकाने 'चौकड्यांचे घागरे नेसलेले पुरुष' असं लिहिलंय. मला ते खटकतंय. किल्टला मराठी शब्द आहे का? आणि तो किल्ट की ती?

—

तो किल्ट. ती म्हटलं की डोळ्यांपुढे साडी येते.

घागरा तर अजिबात नको. घागऱ्याला चहूबाजूंनी घेर असतो. किल्टच्या पुढच्या बाजूला दोन सपाट पल्ले एकावर एक येतात आणि सगळ्या चुण्या मागे. वरचा पल्ला पुरुषांच्या उजव्या कुशीवर बांधला जातो. खाली जी मोठी पिन दिसते ती फक्त वरच्या पल्ल्यात असते. दोन्ही पल्ले एकत्र टोचले तर चालताना कापड ओढलं जातं.

शब्दाचं मूळ मजेदार आहे. 'किल्ट' आधी क्रियापद होतं, स्कँडिनेव्हियाकडून स्कॉट्स भाषेत आलेलं. अर्थ: कपडा वर घेऊन खोचणं. म्हणजे आपल्याकडे रोपणीला उतरताना बायका ओचा खोचतात, तेच. वस्त्राचं नाव म्हणून तो अठराव्या शतकात रुळला. हायलंड म्हणजे स्कॉटलंडचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग. तिथल्या गेलिक भाषा बोलणाऱ्या लोकांचा स्वतःचा शब्द वेगळाच, 'फेला'.

—

मी 'निऱ्यांचं वस्त्र' सुचवणार होतो.

—

निऱ्या म्हणाल तर जुन्या किल्टला चालेल, आजच्या नाही. जुना तो 'फेला मोर', म्हणजे मोठा. हातमागाचा पन्हा अरुंद, म्हणून दोन पट्टे जोडून केलेलं लांबलचक कापड. रोज नव्याने चुणायचं, कमरेला पट्टा आवळायचा, उरलेलं खांद्यावर. थंडीत तेच पांघरूण. दर वेळी नेसताना घालायच्या त्या निऱ्या.

'फेला बेग' म्हणजे लहान, नुसता कमरेखालचा. त्याचं श्रेय बऱ्याचदा टॉमस रॉलिन्सन या लँकेशरच्या इंग्रज लोखंड-कारखानदाराला देतात. हायलंडमधल्या इन्व्हर्गॅरीच्या त्याच्या लोखंडाच्या भट्टीवर मोठ्या कापडात काम जमेना म्हणे. त्यावर अजून भांडणं होतात, स्कॉटिश माणसासमोर जपून बोला. पुढे चुण्या कायमच्या शिवल्या गेल्या. शिवलेल्या त्या चुण्या, नेसताना घातलेल्या त्या निऱ्या. हा भेद मराठीत आहे तर वापरावा.

चुण्या घालण्याच्याही दोन तऱ्हा. एकीत पाठीमागेही पुढच्यासारखीच पूर्ण चौकड उमटते. दुसरीत प्रत्येक चुणीवर तीच एक रेघ येते. ही पलटणींची पद्धत.

—

पण मग हे सगळ्या स्कॉटलंडचं वस्त्र कसं? मूळचं हायलंडचंच ना?

—

हो. दक्षिणेकडच्या लोलंडमध्ये विजारीच. उलट 1746 च्या कायद्याने हायलंडचा पोशाख बंद केला होता. सैन्यातल्या पलटणींना तेवढी सूट. 1782 मध्ये बंदी उठली. 1822 मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरात आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा थाट मांडला, राजानेही किल्ट घातला, आणि ज्या लोलंडवाल्यांचे आजोबा नाक मुरडायचे तेही चौकड्यांत मिरवू लागले. आयर्लंडमध्ये पाहाल तर बिनचौकडीचा केशरी पिवळा किल्ट. त्याला स्कॉटिश म्हटलंत तर रागावतील.

—

मूळ प्रश्नाकडे या. प्रवासवर्णनात 'किल्ट' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'मागे चुण्या असलेलं, गुडघ्यापर्यंतचं लोकरी वस्त्र' एवढं पुरे. खाली घोट्यावर रेंगाळला तर तो शिंप्याचा दोष, गुडघ्याच्या वाटीवर थांबायला हवा. पुढे लटकते ती 'स्पोरन', म्हणजे गेलिकमध्ये बटवाच. किल्टला खिसे नसतात, म्हणून. तिला सरळ बटवा लिहा. दिवसा चामड्याचा, संध्याकाळच्या समारंभाला फरचा. मोज्यात खोवलेली सुरी 'स्गियन डू', काळी सुरी.

आणि 'टार्टन' म्हणजे चौकड, 'किल्ट' म्हणजे वस्त्र. आपल्या सैन्याच्या पाइप बँडमधल्या जवानांच्या खांद्यावर टार्टन दिसतं, खाली विजारच असते.

—

आभार. 'घागरे' काढलं. आता लेखक विचारतोय, किल्ट 'घालतात' की 'नेसतात'?

—

चुण्या शिवलेल्या आहेत. घालतात.

—

कमरेभोवती गुंडाळून बांधतात ना पण? मी तर नेसतातच म्हणेन.