बायकोच्या थेरपीत नवऱ्याने बसावं का?

चाफा: बायकोला एकटीने बाहेर पडायची भीती वाटते. गर्दीत छाती धडधडते, हात गार पडतात. थेरपिस्ट म्हणतात, पुढच्या वेळी तुम्हीही आत या. मला आठवड्यातून एकच संध्याकाळ मोकळी मिळते. कुणाचा अनुभव?

रानवारा: जाच. माझा नवरा रोज दोन तास माझ्याबरोबर चालायचा, म्हणून मी आज एकटी प्रवास करते. रोज जमवा, एका संध्याकाळीने काही होत नाही.

कंदील: माझं उलट झालं. बाजार, बँक, सगळीकडे मी हात धरून न्यायचो. तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, भीती मात्र जागच्या जागी. माझी सोबत हीच तिची कुबडी झाली होती. हे कळायला दोन वर्षं गेली, अजून वाईट वाटतं.

पारवा: 1984 मध्ये बार्लो या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅगोराफोबिया (म्हणजे गर्दीत किंवा एकटीने बाहेर पडायची भीती) असलेल्या 28 स्त्रियांवर अभ्यास केला होता. ज्यांचे नवरे उपचारात होते, त्या जास्त सुधारल्या. आत जा.

सांजवेळ: आणि घाबरणाऱ्या पुरुषांचं काय? मी लिफ्टमध्ये चढत नाही, बायकोला कुणी बोलावलं नाही. मी तर गोळ्याही बंद केल्या.

कंदील: गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका हो. चाफा, तुमच्यासाठी: दर मिनिटाला ‘बरी आहेस ना?’ विचारू नका. ‘शंभरात भीती किती?’ एवढंच विचारा. आकडा चढला म्हणून लगेच घरी पळू नका, थोडा उतरेपर्यंत तिथेच थांबा. आम्ही एका दुकानाच्या पायरीवर उभे होतो, 80 वरून 45 वर यायला वीस मिनिटं लागली. मग पुढच्या खेपेला मी दहा पावलं मागे, नंतर कोपऱ्यावर, नंतर फक्त फोनवर. मदत एकदम काढून घेऊ नका, आधी दोघांनी ठरवा.

रानवारा: मीही तेच म्हणतेय, सोबत हवीच.

चाफा: सगळ्यांचे आभार. काल तिलाच विचारलं. म्हणाली, तो तास माझा एकटीचा राहू दे. त्यामुळे मी आत बसणार नाही, थेरपिस्टनाही तसं कळवलं. आमची संध्याकाळ मात्र ठरली: ती कोपऱ्यापर्यंत एकटी जाणार, मी दारात उभा राहणार. आकडा तीच सांगणार, मी विचारणार नाही.