‘अशा मुलांची जागा विशेष शाळेत आहे’ या मताला एका आईचे उत्तर

पाटीपेन्सिल
काही शाळांच्या केंद्रावर देखरेख केलेल्या निवृत्त केंद्रप्रमुखांनी परवा या चर्चामंचावर लिहिले, की दिव्यांग मुलांना साध्या प्राथमिक शाळेत बसवणे म्हणजे त्या मुलाचेही हाल आणि वर्गाचेही. एका मुलापायी सदतीस मुलांचा तास वाया जातो, आणि अशा मुलांची खरी जागा विशेष शाळेत आहे. त्या मताला मिळालेले होकार पाहून मला राहवले नाही.

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर पुरता ताबा राहत नाही, आणि उजव्या पायात आधाराचा कॅलिपर असतो. शाळेच्या दाराशी सिमेंटचा सुरेख उतार आहे, त्याला लोखंडी कठडा आहे आणि त्याचे छायाचित्र तालुक्याला पोहोचलेले आहे. स्वच्छतागृहाला मात्र दोन पायऱ्या आहेत आणि आत धरायला काहीही नाही. त्यामुळे तो सकाळी दूध घेत नाही आणि पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली घरी आणतो. सात वर्षांच्या मुलाने दिवसभर तहान मारायची, हे आपल्याकडचे समावेशित शिक्षण!

त्याच शाळेत त्याच्या बाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याच्या पेन्सिलीवर चढवला, म्हणून त्याच्या बोटांत ती टिकते आणि तो आपले नाव लिहितो. बाईंना हे कोणी शिकवले नव्हते. शेजारचा मुलगा न सांगता त्याचे दप्तर उचलतो. हे मला पन्नास किलोमीटरवरच्या विशेष शाळेच्या वसतिगृहात मिळाले नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे 31 वे कलम सांगते, की लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती मुलाची आहे, केंद्रप्रमुखांची नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख
ताई, तुमच्या मुलासारख्या मुलांविषयी माझी तक्रार नव्हती, आणि तसे वाटले असेल तर माझे लिहिणे अपुरे पडले. पण माझे मूळ म्हणणे मी सोडणार नाही. माझ्या केंद्रातल्या निम्म्याहून अधिक शाळा द्विशिक्षकी होत्या. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, आणि त्यातला एक जण पोषण आहाराच्या नोंदी किंवा मतदार यादीचे काम घेऊन बसलेला. अशा गुरुजींनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाकडे कोणत्या वेळी पाहायचे, ते मला कोणी सांगितलेले नाही.

एक प्रसंग सांगतो. एका वस्तीशाळेत एक कर्णबधिर मुलगी चार वर्षे पहिल्या बाकावर बसत होती. फळ्यावरचे सारे ती मोत्यासारख्या अक्षरांत उतरवून घेई, म्हणून प्रत्येक तपासणीत तिच्या वहीचे कौतुक व्हायचे, माझ्याकडूनही झाले. चौथीच्या अखेरीस मी तिच्याच वहीतल्या ‘विहीर’ या शब्दावर बोट ठेवले आणि विहीर कुठे आहे ते दाखव, असे खुणेने विचारले. विहीर शाळेच्या मागेच होती. तिला शब्दच कळला नव्हता, एकही कळला नव्हता. पुढे ती जिल्ह्याच्या गावी कर्णबधिर विद्यालयात गेली, तेव्हा खुणांची का होईना, तिला पहिली भाषा मिळाली. तिची ती चार वर्षे आम्ही घेतली, आणि त्याला आम्ही समावेशन म्हणत होतो.

पाटीपेन्सिल
विहिरीची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. कर्णबधिर मुलांपुरते तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागते, मनाविरुद्ध. पण त्याच कायद्याचे 17 वे कलम सांकेतिक भाषा आणि ब्रेल जाणणारे शिक्षक नेमायला सांगते. तुमच्या शाळेत तसे कोणी आले नाही, याचा दोष त्या मुलीने साध्या शाळेत बसण्यात कसा शोधता? आणि चार वर्षे वही तपासली, मुलगी तपासली नाही, हे तर तुम्हीच लिहिले आहे.

चौथी ब
मी शहरातल्या अनुदानित शाळेत शिकवतो आणि इथे कोणी बोलत नाही ते बोलतो. खऱ्या गरजू मुलांची सोय होत नाही, कारण प्रमाणपत्रांचा बाजार झाला आहे. चौथीतच पालक अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनात येणाऱ्या अडचणीचा, कागद मिळवायला धावतात, कारण पुढे दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, एखादा विषय सुटतो. माझ्या 52 मुलांच्या वर्गात यंदा तीन पालकांनी असे कागद आणले. त्यातल्या एका मुलाला मी वर्षभर वाचताना ऐकले आहे. त्याला सराव नाही, एवढेच.

डोंबिवलीकर
सर, हे वाक्य मी वाचून सोडून देऊ शकत नाही. माझी मुलगी ‘प्रार्थना’ हा शब्द ‘पाथना’ असा वाचायची. जोडाक्षर दिसले की तिचा आवाज खाली जायचा. तिसरीच्या वहीत लाल शाईने ‘आळशी, घरी सराव घ्या’ असा शेरा होता. तो सराव आम्ही तीन वर्षे घेतला, रोज रात्री, रडत, ओरडत, आणि एकदा मी तिच्यावर हात उचलला, जे मला आजही खाली मान घालायला लावते. सहावीत एका नव्या बाईंनी तपासणी करायला सुचवले. सार्वजनिक रुग्णालयात सहा खेपा झाल्या. डोळे, कान, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, आणि प्रत्येक खेपेला माझी रजा. हा ‘बाजार’ असता तर मी पहिल्याच खेपेला कागद घेऊन आलो असतो.

महाराष्ट्रात दहावीच्या सवलती 1996 पासून आहेत, पण 1995 च्या अपंग कायद्यातल्या 7 प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हतीच. 2016 च्या कायद्याने प्रकार 21 केले तेव्हा ती आली. म्हणजे परीक्षा मंडळाला जे समजले होते ते कायद्याला समजायला वीस वर्षे लागली, आणि तुमच्या वर्गाला अजून समजलेले दिसत नाही.

चौथी ब
माझ्या वर्गाविषयी तुम्हाला काय ठाऊक? पहिल्या तासाला हजेरी, मग ऑनलाइन माहिती, मग चाचण्यांचे गुण भरणे, त्यात 52 वह्या. शेरा मीही लिहितो. ‘आळशी’ लिहिला नसेल, ‘लक्ष नाही’ लिहिला आहे. खोट्या कागदांबद्दल मी लिहिले ते अनुभवाने लिहिले आणि ते मागे घेणार नाही.

डोंबिवलीकर
तुमचा अनुभव तीन मुलांचा, त्यातही एकाबद्दल तुमचा अंदाज. त्या अंदाजावर तुम्ही सगळ्या पालकांना लबाड ठरवले. मुलाला सराव नाही की अडचण आहे, हे कानाने ऐकून कळत असते तर माझ्या मुलीचे पहिली ते पाचवीचे पाच वर्गशिक्षक बहिरे होते असे मला म्हणावे लागेल.

निवृत्त केंद्रप्रमुख
दोघांनीही शब्द आवरावेत. दहावीच्या सवलतींवर भांडताना प्राथमिक शाळा बाजूला पडली आहे. गरज दुसरी-तिसरीत असते, तेव्हा मुलाजवळ कागद नसतो. कागद येतो तेव्हा वाचायला शिकवण्याचे वय निघून गेलेले असते.

फिरती विशेष शिक्षिका
मी ‘समग्र शिक्षा’ या सरकारी शालेय योजनेत करारावर काम करते, शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात बसते आणि तिथून शाळांना भेटी देते. माझ्याकडच्या शाळांची संख्या एवढी आहे, की एका मुलापर्यंत माझी पाळी महिन्यातून एकदा आली तर तो महिना चांगला गेला असे मी समजते. मी गेले की गुरुजी सुटकेने म्हणतात, “बाई, तुमचा मुलगा आला आहे.” तो माझा मुलगा नसतो, त्यांच्याच हजेरीपटावरचा असतो. पण मीही पंचेचाळीस मिनिटांत त्याच्या भेट-नोंदीवर सही घेऊन पुढची एसटी धरते, म्हणून बोलण्याचा अधिकार मलाही पुरता नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितले, की प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, आणि मार्च 2025 मध्ये राज्यांना पदे निश्चित करून भरायला सांगितले. हा हिशेब धरला तर वर्गशिक्षक आणि पालक यांच्यातली निम्मी भांडणे उरत नाहीत. ‘चौथी ब’ सरांना एवढेच विचारते, की ज्या मुलाला सराव नाही असे तुम्हाला वाटते, तो तोंडी उत्तर देतो का? देत असेल आणि लिहिताना अडत असेल, तर कागद खरा की खोटा हे ठरवण्याआधी उद्यापासून त्याची चाचणी तोंडी घेऊन पाहा. तोंडी चाचणीसाठी कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

चौथी ब
देतो. परिसर अभ्यासात तर हात खाली येत नाही त्याचा. ठीक आहे, घेऊन पाहतो. बाकीच्या दोघांबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे.

निवृत्त केंद्रप्रमुख
पाटीपेन्सिल ताई, तुम्ही ज्या पायऱ्या लिहिल्या त्या मला खटकत राहिल्या आहेत. उताराची पाहणी मी अनेक शाळांत केली, पण स्वच्छतागृहापर्यंत मी चालत गेलो नव्हतो, हे लिहायला जड जाते. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. तुम्ही लेखी अर्ज द्या, ठरावात घ्यायला लावा आणि शाळा अनुदानातून उतार आणि धरायला दांडी यांचा खर्च मागा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. विशेष शाळांविषयीचे माझे मत बदललेले नाही.

पाटीपेन्सिल
माझेही नाही. पण अर्ज लिहायला घेतला आहे. दांडी किती उंचीवर हवी, हे विशेष शिक्षिका बाईंनी सांगितले तर बरे होईल. मुलाला भिंतीशी उभे करून मी पेन्सिलीने खूण केली आहे, ती कोपराच्या जराशी खाली येते.