कॉन्टेसाचा एसी हायवेला गार, सिग्नलला गरम – काय बदलू? (पुणे)

कर्वेरोडवाला

मंडळी, मदत हवी आहे.

बाबांची १९९१ ची कॉन्टेसा क्लासिक आहे, १.८ इसुझू पेट्रोल. गाडी ठणठणीत आहे, फक्त एसीने जीव काढलाय. गेले तीन उन्हाळे एकच कार्यक्रम चाललाय. एप्रिल लागला की मेकॅनिककडे जायचं, तो म्हणणार "साहेब, गॅस कमी आहे", गॅस भरायचा, महिनाभर बरं चालतं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या रविवारी बायको दही लावायला वापरते तो थर्मामीटर डॅशच्या मधल्या, एसीची हवा येते त्या जाळीत खुपसला आणि चक्कर मारून आलो. (घरी काय ऐकावं लागलं ते इथे सांगत नाही.) कात्रजच्या नव्या बोगद्यातून खेड शिवापूरपर्यंत ८० च्या वेगाने ९ अंश, म्हणजे बाबांनी चक्क मफलर मागितला. परतताना स्वारगेटच्या सिग्नलला चार मिनिटं थांबलो तर २२, आणि हेडलाइटही मंद.

बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२, म्हणजे जुना एसी गॅस, लिहिलंय. तीन वर्षं भरलाय तो त्याच्या जागी आलेला आर-१३४ए. त्या वेळी कॉम्प्रेसरचं तेल बदललं का, विचारलं तर "त्याची गरज नसते" असं उत्तर आलं. कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर फेकणारा पुढचा भाग) मूळचाच, निम्म्या जाळ्या चेपलेल्या, पुढे एकच छोटा पंखा. कॉम्प्रेसरही मूळचा, त्याच्या तोंडाशी तेलकट डाग आहे.

तिघांना विचारलं. एक म्हणतो सगळं काढून डॅशखाली नवं युनिट टाकू, ८५ हजार. दुसरा म्हणतो गॅस जरा जास्त भरू. तिसरा म्हणाला, "काका, आता नवी गाडी घ्या." मी ४४ चा आहे.

मे महिन्यात साताऱ्याला लग्न आहे. बाबा ७८ वर्षांचे, त्यांना त्याच गाडीने जायचंय, आणि डॅशबोर्डला करवत लागली तर "मग मला एसटीत बसवून दे" असं त्यांनी बजावलंय. डॅश न कापता हे होईल का? आणि सुरुवात कुठून करू?

भोसरीचा_फिटर

दादा, ८५ हजार खिशातच ठेवा. तुमच्या थर्मामीटरनेच निम्मं सांगितलंय. वेगात वारा कंडेन्सरमधून जातो तेव्हा ९ येतात, म्हणजे डॅशमधली हवा गार करणारी कॉइल आणि ब्लोअर काम करतायत. उभ्या गाडीत उष्णता बाहेर फेकली जात नाही, भानगड बॉनेटखाली आहे. गॅस जास्त भरलात तर हाय साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडचं प्रेशर वाढेल आणि सिग्नलला आणखी बोंब होईल.

खात्री करायला गाडी उभी ठेवून एसी लावा, जाळीतली हवा गरम झाली की बादलीने कंडेन्सरवर सावकाश पाणी सोडा. (पंख्याच्या मोटरवर नको.) आकडा झरझर उतरला तर दोष कंडेन्सरचा आणि पंख्याचा.

आता गॅसचं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, दरवर्षी भरावा लागतो म्हणजे गळतोय. तो तेलकट डाग बहुतेक शाफ्ट सीलचा, म्हणजे कॉम्प्रेसरचा दांडा बाहेर येतो तिथल्या सीलचा. आर-१२ साठी खनिज तेल असायचं, ते १३४ए मध्ये मिसळत नाही. गॅस फिरतो आणि तेल कुठेतरी कोपऱ्यात बसून राहतं, कॉम्प्रेसर कोरडा चालतो. तीन उन्हाळे टिकला हे बाबांचं पुण्य समजा.

जुनं_ते_सोनं

मी मूळ कॉम्प्रेसरच ठेवा म्हणेन. सील बदलून, सगळं आतून धुऊन (फ्लश करून) एस्टर जातीचं कृत्रिम तेल टाका. ते जुन्या तेलाचा थोडा अंश राहिला तरी चालवून घेतं. आणि मूळ आर-१२ चा हट्ट कोणी धरला तर ऐकू नका. ओझोन वाचवण्यासाठीच्या माँट्रियल करारामुळे २०१० पासून आपल्याकडे तो बंद आहे. "जुना साठा आहे साहेब" म्हणून काय भरतील याचा नेम नाही. एलपीजीसारखा पेटणारा गॅस तर अजिबात नको, कॉइल बाबांच्या गुडघ्यासमोर आहे.

भोसरीचा_फिटर

कोरडा चाललेला कॉम्प्रेसर सील बदलून ठेवायचा? आत झिजून कचरा झाला असेल तर तो नव्या कंडेन्सरमध्ये जाऊन बसेल. माझं मत नवाच घ्या, सॅन्डेन कंपनीच्या ५०८ जातीचा. त्याला ब्रॅकेट जाड प्लेटचा करून घ्या आणि पुली क्रँकच्या पुलीशी एका रेषेत आहे का ते पट्टी लावून बघा. दोन मिलीमीटरचा फरक पडला तरी पट्टा किंचाळतो. सोबत ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा), ओ-रिंगा आणि बॅरियर जातीचे, म्हणजे आतून गॅस अडवणारा थर असलेले होज. जुन्या रबरी होजमधून १३४ए झिरपतो.

कंडेन्सर पॅरलल-फ्लो (अनेक चपट्या नळ्यांतून गॅस एकदम जातो तो) घ्या, बसेल तेवढा मोठा. पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम पाऊण तास, मग पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का बघायचा. गॅस वजनकाट्यावर. स्टिकरवरच्या वजनाच्या साधारण ८० टक्क्यांपासून सुरुवात करून गेज बघत जायचं. ड्रायरच्या काचेत बुडबुडे बघून भरणारा असेल तर गाडी परत घेऊन या.

पेठेतला_प्रवासी

हेडलाइट मंद होतात ते विसरू नका. ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि दोन पंखे मिळून तीसेक अँपिअर सहज खातात. जाड वायर आणि रिले टाका, आयडलला अल्टरनेटर किती देतो ते मोजा. कार्ब्युरेटरला आयडल-अप (एसी लावल्यावर उभ्या गाडीचं इंजिन जरा जोरात फिरवणारी सोय) आहे का? आणि हीटरची नळी चिमटून बघा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नसेल तर एसीच्या हवेला मागून इंजिनचं गरम पाणी शेकतं. माझ्या गाडीत हेच निघालं, दोन वर्षं मी गॅसला शिव्या देत होतो.

कर्वेरोडवाला

बादलीप्रयोग झाला. २१ वरून दोन मिनिटांत १३! बाबा गॅलरीतून विचारत होते, "गाडी तापलीय का तू?" हीटरची नळी चिमटल्यावर आणखी अर्धा अंश, म्हणजे तिथे फार काही नाही.

आता कॉम्प्रेसरसकट पुढचं सगळं बदलतोय, डॅशला हात नाही. कंडेन्सरच्या जागेचं माप घेतलंय, शनिवारी सुटे भाग आणायला नाना पेठेत जातो. एकच शंका, दुसरा पंखा पुढून ढकलणारा लावू की मागून ओढणारा?

भोसरीचा_फिटर

जागा असेल तर मागून ओढणारा, आणि श्राउडसकट (पंख्याभोवतीचं, पूर्ण कंडेन्सर झाकणारं आवरण). श्राउड नसेल तर पंख्यापुरत्या गोलातूनच हवा जाते, कोपरे तसेच तापत राहतात. माप घेताना बॉनेटचं लॅच धरलंत ना? परवाच एकाचा कंडेन्सर तिथेच अडला.

कर्वेरोडवाला

नाही धरलं. उतरतो खाली.