अनुभव धागा: कादंबरीचा पसारा तुम्ही कशात आवरता?

तीन वर्षं एक कादंबरी लिहितोय. टिपणं काही डायरीत, काही वीजबिलांच्या पाठीवर, उरलेली मीच मला पाठवलेल्या व्हॉट्सॅप मेसेजेसमध्ये. परवा लक्षात आलं की नायकाच्या मामाला सहाव्या प्रकरणात मारलंय आणि अकराव्यात तो लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढतोय. म्हणून हा धागा. एक छदाम न मोजता ऑनलाइन मिळणारं काय वापरता आणि मराठीत लिहिताना ते कुठे अडलं, तेवढं सांगा. जाहिरातीतले गुण नकोत. हात पोळले असतील तर उत्तमच.

नदीकाठ

माझी कादंबरी पानशेतच्या पुरावरची. मी गूगल शीट्स वापरते, बाकी काही नाही. एक ओळ म्हणजे एक प्रसंग. रकाने असे: तारीख, वार, वेळ, जागा, कोण हजर आणि 'कोणाला काय ठाऊक'. हा शेवटचा रकाना सोन्याचा. धरण फुटल्याचं आत्याच्या कानावर आलेलंच नव्हतं, तरी बाई आधीच्या प्रसंगात ट्रंक भरायला बसल्या होत्या, हे तिथेच उघडं पडलं. पुढे सहज म्हणून तिथीचा रकाना वाढवला. १२ जुलै १९६१, बुधवार. पंचांगात पाहिलं तर अमावास्या! आणि मी त्या रात्री नारायण पेठेतल्या चिखलावर दीड पान चंद्र चमकवून ठेवला होता. आता तिथे शेजारच्यांचा कंदील आहे. खरं सांगायचं तर कंदिलाने प्रसंग जास्त बरा झाला.

रात्रपाळी

ट्रेलो, म्हणजे कामांची कार्डं लावायचं ॲप, तेही फोनवरच. तीन याद्या: सुचलं, लिहिलं, फेकायचं. एका प्रसंगाला एक कार्ड, बोटाने वरखाली सरकवायचं. फुकटात दहा बोर्ड मिळतात, कादंबरीला एक पुरतो. कार्डांना रंगीत लेबलं लावायच्या नादाला मात्र लागू नका. माझे पंधरा दिवस त्यात गेले, प्रकरण एकही झालं नाही.

उंबरठा

मी सगळं गूगल डॉक्समध्ये ठेवते. प्रकरणांच्या नावांना हेडिंगची स्टाइल दिली की डावीकडे आपसूक अनुक्रमणिका तयार होते, हव्या त्या प्रकरणावर टिचकी मारायची. आता माझा पराक्रम ऐका. नायिकेचं नाव गोदा. दोनशे पानं झाल्यावर वाटलं, यमुना बरं. 'फाइंड अँड रिप्लेस' उघडलं आणि एका दमात सगळीकडे बदलून टाकलं. सासरे गोदामात कारकून होते, ते रोज सकाळी 'यमुनामात' जाऊ लागले. नाशिकला 'यमुनावरी' वाहू लागली. आणि जिथे जिथे 'गोदेला', 'गोदेनं' लिहिलं होतं तिथे जुनी गोदा तशीच राहिली, म्हणजे एका घरात दोन सुना! आपलं सामान्यरूप त्या बटणाला कुठून कळणार? व्हर्जन हिस्टरीतून आदल्या रात्रीची प्रत परत आणली म्हणून वाचले. नायिका अजून गोदाच आहे.

कळफलक

ऑब्सिडियन, टिपणं ठेवायचं ॲप. ते ऑनलाइन नाही म्हणाल, पण फुकट आहे आणि टिपणं साध्या मजकुराच्या फायलींत आपल्याच लॅपटॉपवर राहतात. दुहेरी चौकटी कंसात पात्राचं नाव लिहिलं की त्याच्या पानाचा दुवा तयार. उंबरठाताईंची अडचण इथेही आहेच: पान 'नाना' नावाचं आणि वाक्यात 'नानांनी'. मग मध्ये उभी रेघ देऊन [[नाना|नानांनी]] असं लिहावं लागतं, दोन दिवसांत हाताला सवय होते.

माझा खरा छळ 'ऱ्या'ने केला. कादंबरीतली वस्ती 'दऱ्याची वाडी'. हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये (संगणक ज्या सांकेतिक क्रमांकांनी अक्षरं साठवतो त्यात) दोन तऱ्हांनी लिहिता येतो, दिसायला डिट्टो सारखा. माझा फोन एका तऱ्हेने लिहितो, लॅपटॉप दुसऱ्या. त्यामुळे वाडी शोधायला गेलो की बसमध्ये लिहिलेले प्रसंग गायब. चार दिवस मी स्वतःलाच वेड्यात काढत होतो. आता नुसतं 'वाडी' शोधतो.

चारचा चहा

सगळं ब्राउझरमध्येच साठवणारं एक साधन होतं, नाव घेत नाही. खातं उघडायला नको, कालरेषा होती, पात्रांची पानं होती, मी खूश. एक दिवस भाच्याने प्रेमाने लॅपटॉप 'साफ करून' दिला, कुकीजसकट. एकोणीस पात्रं गेली. आठवून पुन्हा लिहिली तेव्हा सतराच भरली, उरलेली दोन कोण होती ते आजतागायत आठवलेलं नाही. आता दर रविवारी फाइल उतरवून स्वतःला ईमेल करतो.

साता समुद्रापार

नोव्हेंबरच्या एका महिन्यात कादंबरीचे ५०,००० शब्द लिहायचा नॅनोरायमो नावाचा उपक्रम १९९९ मध्ये सुरू झालेला. तो चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण मी अजून ऑक्टोबरात गूगल कीपवर प्रसंगांच्या चिठ्ठ्या करून ठेवते. मराठीत हा आकडा फार महागात पडतो बरं! 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा मोजणीत एकच शब्द. त्यात मध्येच दिवाळी आली की चकल्या तळू का शब्द मोजू?

धागाकर्ता

नदीकाठ, तुमचा तक्ता ढापला आहे. त्यात 'जिवंत?' असा एक रकाना माझा. काल रात्री अडीचपर्यंत ४१ प्रसंग भरले. मामा काही वाचले नाहीत, जिलबी आता काकू वाढतात. पण चौदाव्या प्रकरणात आणखी एक मयत सापडलाय, कचेरीत सह्या करताना.